प्रकाशाने पक्का होणारा लेप

आता ही लघवीची नळी, कॅथेटर, बघा. सिलिकोनची आहे, पाणी तिच्यावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. आत सरकवताना ती घासते, रुग्णाला दुखतं. म्हणून वर पाणी धरणाऱ्या पॉलिमरचा लेप देतात. पण नुसता फासलेला लेप शरीरातच सुटला तर? यासाठी पॉलिमरला बेंझोफेनोन जोडतात. साधारण 350 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला, की ते नळीच्या पृष्ठभागावरचा एक हायड्रोजन ओढून घेतं. मग त्याचा कार्बन आणि नळीचा कार्बन एकमेकांना बांधले जातात. हायड्रोजन मिळालाच नाही, तर ते मूळ स्थितीत येतं, पुन्हा प्रकाश घेतं. चिवट आहे बरं का! काचेवर मात्र ओढायला असा हायड्रोजनच नसतो. तिथे आधी सिलेनचा थर लागतो. आणि अरुंद नळीच्या आतल्या भिंतीपर्यंत प्रकाश पोचवायचा कसा, खरी डोकेदुखी ती.