कान्हेरी: घाई सोडल्यानंतरची वर्षं

सुरुवातीची काही वर्षं माझ्यासाठी कान्हेरीची बौद्ध लेणी म्हणजे तीन क्रमांकाचं चैत्यगृह आणि व्हरांड्यातल्या दोन भव्य बुद्धमूर्ती. कुणाचीही सुरुवात तिथूनच व्हावी. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. आतल्या काही खांबांवर हत्ती, कुंभ, माणसं कोरलेली आहेत. बाकीचे साधे अष्टकोनीच राहिले. बोरिवलीहून येणारी बहुतेक मंडळी इथूनच परत फिरतात.

पुढे एका फेरीत एक-दोनच लेणी पाहायची, असं ठरवून जाऊ लागलो आणि डोंगर उलगडत गेला. शंभराहून अधिक लेणी इथे आहेत, इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून साधारण हजार वर्षं खोदलेली. पण मला धरून ठेवलं ते पाण्यानं. जवळपास प्रत्येक विहाराच्या बाजूला कातळात टाकं आहे, आणि वरून कोसळणारं पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून दगडातच पन्हळी काढल्या आहेत. भर पावसात, पायऱ्या जपून चढत गेलात, तर त्यांतल्या काही आजही वाहताना दिसतात. कल्याणच्या एका सोनारानं टाकं दिलं, तिथल्याच एका लोहारानं वाट करून दिली, असं इथले शिलालेख सांगतात. सोपारा, चौल इथूनही दानं आली. राजांच्या नावांपेक्षा मला हे कारागीर जवळचे वाटतात. भिक्षूंची तहान आणि पायपीट त्यांनी ओळखली होती.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यापर्यंत मी फार उशिरा पोहोचलो. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली. त्या अक्षरांसमोर मी बराच वेळ बसलो. एक्केचाळीसमधला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, चौतिसाच्या छतावरचं अपुरं राहिलेलं बुद्धाचं चित्र, हे सगळं त्यानंतरच्या फेऱ्यांत पाहिलं.

या वर्षांत गर्दी वाढली, टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्याही आल्या. दोन हजार वर्षं टिकलेल्या या पाण्याच्या सोयीची ही अवस्था पाहवत नाही. लेणी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, ते सोमवारी बंद असतं. एरवी कधीही सकाळी लवकर जा, पाणी सोबत न्या, रिकामी बाटली परत आणा आणि चैत्यगृहावरून थेट वरच्या टाक्यांकडे चढा.