डोंगरचा तांदूळ घरी शिजवताना



मागच्या हंगामाच्या सणाला अकोले तालुक्यातील वस्त्यांवरून हातसडीच्या तांदळाच्या पिशव्या मी शहरातल्या मंडळीत विक्रीला आणल्या होत्या. उपासना संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्या गेल्या. पण दोन रविवारांनी तक्रारी सुरू झाल्या. "ताई, चार शिट्ट्या केल्या तरी दाणा कच्चाच." "मुलं तोंड लावत नाहीत." एका मावशींनी तर तो कोंबड्यांना घातला. यात दोष तांदळाचा नव्हता आणि घेणाऱ्यांचाही नव्हता. तो शिजवायचा कसा, हे मी कोणाला सांगितलेच नव्हते. ती चूक आज भरून काढते.

आपण दुकानातून आणतो तो पांढरा तांदूळ गिरणीत घासून गुळगुळीत केलेला असतो. त्यावरचा कोंडा निघून गेलेला असल्याने पाणी दाण्यात लगेच शिरते. हातसडीच्या तांदळावर या कोंड्याचा पातळ थर राहतो. ब जीवनसत्त्वे, तंतू आणि थोडे तेल याच थरात असते. मात्र हाच थर पाण्याला अडवतो. म्हणून या तांदळाला पाणी जास्त लागते आणि वेळही जास्त लागतो.

तांबडा, हातसडीचा : एक-दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुवा. निदान दोन तास भिजू द्या. रात्रभर भिजला तरी चालेल. कुकरमध्ये एक वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी घाला. एक शिट्टी झाली की आच मंद करून पंधरा मिनिटे ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. पातेल्यात करणार असाल तर तीन-साडेतीन वाट्या पाणी आणि पाऊण तास धरा. हा भात मोकळा मऊ होत नाही, चावून खावा लागतो. डाळीपेक्षा कुळथाच्या पिठल्याबरोबर किंवा कालवणाबरोबर तो जास्त चांगला लागतो.

काळभात : नावाला घाबरू नका. याचे टरफल काळे असते, आतला दाणा पांढरा आणि सुवासिक. जास्त चोळून धुऊ नका. वीस मिनिटे भिजवून दुप्पट पाण्यात, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. झाकण सारखे उघडले तर वास वाफेबरोबर निघून जातो.

इंद्रायणी : आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेले हे वाण १९८७ साली आले. तो चिकट होतो म्हणून पुष्कळांची तक्रार असते, पण चिकटपणा हा त्याचा स्वभावच आहे. दुप्पट पाणी पुरते. शिजताना ढवळू नका. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना मऊ भात करायला हाच बरा.

तांदूळ नवा की जुना, हेही विचारून घ्या. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि गिच्च होतो. त्याला पाव वाटी पाणी कमी घाला. पातेल्यातला भात वेळून घेतलात तर ते पाणी मोरीत ओतू नका. मीठ आणि जिरे घालून पिऊन टाका. वस्तीवर चुरा झालेली कणीसुद्धा वाया जात नाही. तिची पेज होते. हातसडीचा तांदूळ वर्षभराचा भरून ठेवू नका. कोंड्यातल्या तेलामुळे त्याला खवट वास येतो. महिना-दोन महिन्यांपुरता घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हे सगळे मला वस्तीवरच्या एका ठाकर आजींनी चुलीपुढे बसवून शिकवले. धर्मज्ञानाच्या पदविकेत हा विषय नव्हता! निघताना त्यांनी विचारले, "ताई, औंदा तांबडा किती लावू? लोकं खात नसतील तर एका खाचरातच आवणी करते. बाकी इंद्रायणी लावते. पोरांच्या फीला पैसं तरी होतील."

त्यांचे बोलणे खरे होते, म्हणून मला उत्तर देता आले नाही. भाताचे बियाणे कणगीत वर्षानुवर्षे टिकत नाही. दोन-तीन हंगाम पेरले नाही तर त्याची उगवण जाते आणि मग ते वाण त्या घरातून कायमचे संपते. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. पण सन्मानाने बियाणे वाचत नाही. कोणीतरी तो भात शिजवून खाल्ला तरच शेतकरी तो पुन्हा पेरतो.

रोजची भाकर मागताना ती पिकवणाऱ्याचाही विचार आपल्या प्रार्थनेत असावा. येत्या सणासाठी ज्यांना तांदूळ हवा आहे त्यांनी कोणता आणि किती किलो, हे पावसापूर्वी आपल्या पाळकांकडे नोंदवावे. मागच्या वेळी ज्यांचा भात कच्चा राहिला त्यांना माझी विनंती आहे : डब्यात थोडा उरला असेल तर आज रात्री भिजत घाला. उद्या कसा झाला ते मला जरूर कळवा. आजींना मला उत्तर द्यायचे आहे.

सेवेतील आपली बहीण