दूरचित्रवाणीचा दुसरा ध्वनिमार्ग

नाटकातील नायिका चकार शब्द न काढता मेजावरचे पत्र उचलते, वाचते आणि फाडून टाकते, तेव्हा दृष्टिहीन प्रेक्षकाच्या कानी पडतो तो केवळ कागदाचा टरटर आवाज, आणि पुढील प्रवेशातले सारे भांडण त्याला अकारण वाटू लागते. संवादांमधील अशा रिकाम्या जागी मोजके दृश्यवर्णन बसवण्याच्या कलेस श्राव्यवर्णन म्हणतात. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात १९८१ साली ती रुजवली मार्गारेट फान्स्टील या स्वतः दृष्टी गमावलेल्या विदुषीने व कोडी फान्स्टील यांनी. ‘ती दुःखी झाली’ असा निवाडा न देता ‘तिने मान खाली घातली’ एवढेच सांगावे, अर्थ श्रोत्याने लावावा, हा या कलेचा दंडक.

दूरचित्रवाणीवर हे वर्णन पोहोचवण्याची तजवीज १९८४ मध्येच झाली होती. अमेरिकेत स्टिरिओ ध्वनीस मंजुरी मिळाली तेव्हा त्याच प्रक्षेपणात दुसऱ्या स्वतंत्र ध्वनिमार्गासही जागा ठेवण्यात आली, आणि त्याची उपवाहक लहर ठरली चित्ररेषांच्या वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७३४ च्या, नेमकी पाचपट. ज्या तालावर पडद्यावर चित्र उमटते, त्याच तालाच्या पटीत चित्र न दिसणाऱ्यासाठी शब्द वाहावेत, ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने १९९० पासून या मार्गाने श्राव्यवर्णनाची नियमित सेवा सुरू केली.

उणीव होती ती सक्तीची. अमेरिकेतील प्रसारणाचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाने २००० साली केलेला श्राव्यवर्णनाच्या सक्तीचा नियम चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेच्या अर्जावरून न्यायालयाने २००२ मध्ये रद्द ठरवला, कारण आयोगास तसा अखत्यारच नव्हता. तो अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, २०१० च्या कायद्याने दिला, आणि जुलै २०१२ पासून मोठ्या शहरांतील चार प्रमुख जाळ्यांच्या केंद्रांवर तिमाहीस ५० तासांचे, तर २०१८ पासून साडेसत्याऐंशी तासांचे बंधन आले. म्हणजे दिवसाकाठी जेमतेम एक तास!

माझ्या मते याहून मोलाचा नियम संकटकाळाचा. वादळाचा इशारा पडद्याच्या तळाशी सरकत जाई, सोबत सूचक स्वर वाजत, आणि अंध माणसाला काहीतरी घडते आहे एवढेच कळे, काय ते नव्हे. आता तो मजकूर दुसऱ्या ध्वनिमार्गावर वाचून दाखवावा लागतो.

आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम श्राव्यवर्णनाचा स्पष्ट उल्लेख करते. तथापि २०१९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी जी मानके जारी झाली, ती कर्णबधिर प्रेक्षकांपुरती होती. मराठी वाहिन्यांनी फर्मानाची वाट न पाहता निदान एका मालिकेपासून आरंभ करावा.