अपस्मार आणि जीवनसत्त्वांची बाटली

अपस्माराला आपल्याकडे कोठे फेफरे म्हणतात, कोठे घुरे, कोठे मिरगी. घरात असा रोगी असला की मेंदूला ‘शक्ती’ यावी म्हणून कोणी ना कोणी आप्त जीवनसत्त्वांची बाटली घेऊन येतोच. हेतू चांगला असतो. पण तिचा रोग्याच्या नेहमीच्या गोळ्यांशी संबंध काय, हे विचारावयाचे राहून जाते. आमच्या सरकारी कामात एका खात्याचा हुकूम दुसऱ्या खात्याच्या गावी नसतो, तशातलाच हा प्रकार!

१९१२ पासून अपस्मारावर वापरात असलेले फेनोबार्बिटाल आणि १९३८ पासूनचे फेनिटॉइन ही स्वस्त औषधे आजही आपल्या देशात पुष्कळांना दिली जातात. त्यांच्यामुळे यकृताचे काम वाढते आणि त्या भरात ‘ड’ जीवनसत्त्वही लवकर मोडते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे हाडे कच्ची होतात. आधीच झटका येऊन पडण्याचे भय, त्यात हाड कच्चे! म्हणून अशा रोग्याने ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. कॅल्शियम घ्यावयाचे ठरलेच, तर ते व फेनिटॉइन यांत दोन तासांचे तरी अंतर असावे. एरवी औषध पुरते अंगी लागत नाही. लेव्हेटिरासिटॅमसारख्या नव्या औषधांचा यकृतावर असा परिणाम होत नाही. तेव्हा शेजाऱ्याची यादी आपल्या उपयोगाची नव्हे.

फॉलिक आम्लाचे कोडे याहून अवघड. फेनिटॉइनने ते शरीरात कमी पडते. पण आपल्या मनाने ते भरमसाट घ्यावे, तर रक्तातील फेनिटॉइनच घटते आणि थांबलेले झटके परत येऊ शकतात. मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीला मात्र ते गर्भधारणेच्या आधीपासूनच हवे. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

‘ब-६’ ची कीर्ती एका खऱ्या घटनेमुळे झाली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत एका तयार दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. दूध तापविताना हे जीवनसत्त्व नष्ट होत होते. ते देताच मुले बरी झाली. पण ती मुले त्याला मुकली होती, म्हणून! जेवूनखाऊन असलेल्या प्रौढाचा अपस्मार त्याने सहसा हटत नाही. उलट मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसा बिघडून बधिरता येते.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे बाटलीवर विसंबून मूळ गोळ्या सोडणे. त्या एकाएकी बंद केल्यास झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतू शकते. पुढील खेपेस दवाखान्यात जाताना घरातील सर्व बाटल्या, चूर्णांसकट, पिशवीत घालून बरोबर न्याव्या.