राक्षस उभा राहील का?

मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघत. त्यांतील वेताळ आम्हांला आजही प्रिय आहे. त्याच्याजवळ अद्भुत शक्ती नाही. तो मरतो आणि मुलगा त्याचा वेश चढवतो. विज्ञानाला त्याच्याशी भांडावे लागत नाही. पडद्यावरच्या अवाढव्य प्राण्यांचे तसे नाही. १९३३ सालच्या चित्रपटातला किंग काँगच घ्या.

समजा, एक गोरिला सर्व बाजूंनी दहापट वाढवला. वजन घनफळाबरोबर वाढते, म्हणून ते १०×१०×१० = १००० पट होईल. हाडाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते; ती १०×१० = १०० पटच होईल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार! एवढ्या भाराला माणसाचे मांडीचे हाड मोडते, असे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली लिहिले.

मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणापेक्षा जाड हवीत, हे गॅलिलिओने १६३८ सालीच सांगितले होते. बारामतीला लागून असलेल्या जळोचीतील मुलांना त्यासाठी हत्ती शोधायला नको. गोठ्यातल्या शेळीचे आणि म्हशीचे पाय शेजारी शेजारी पाहिले तरी पुरे.

वर्गात आठ सारखे ठोकळे रचून दुप्पट बाजूचा घन करा. वजन आठांचे, तळाशी मात्र चारच. म्हणजे टेकूवर दुप्पट भार. दप्तरात कॉमिक सापडले, तर जप्त करू नका. ‘हा राक्षस उभा राहील का?’ एवढेच विचारा. गणित मुलेच मांडतील.