‘नंतर’वर क्लिक करण्याआधी

माहूरच्या सेवा केंद्रावर दाखल्यांसाठी गर्दी असताना पडद्यावर सूचना येते: अपडेटसाठी रीस्टार्ट करा. चालक साहजिकच ‘नंतर’वर क्लिक करतो. हे ‘नंतर’ महिनोन्‌महिने लांबलं की धोका वाढतो.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, नेटवर्क कोणी वापरायचं हे तोच ठरवतो. साध्या ॲपमधली चूक सहसा त्या ॲपपुरती राहते. कर्नलमधल्या चुकीने अख्खा संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली अशीच एक चूक दुरुस्त केली. फाइल शेअरिंगचं हे काम कर्नलच्या पातळीवर चालतं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा संगणकी विषाणू याच वाटेने जगभर पसरला. २७ जूनला त्याच चुकीचा फायदा घेणारा ‘नॉटपेट्या’ विषाणू आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. दुरुस्ती तीन महिन्यांपूर्वीच आलेली होती! नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होता, म्हणून अपडेटने सगळं वाचलं असतं असं नाही. पण एक मोठी वाट नक्की बंद होते.

मग रीस्टार्ट कशाला? कर्नल मेमरीत चालू असतो. नवी फाइल डिस्कवर उतरली तरी सहसा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच कर्नल काम करतो.

अँड्रॉइड फोनमध्येही कर्नल असतो, लिनक्सचा. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती आजच पाहा. फार जुनी असेल तर अपडेट शोधा, आणि कंपनीने ते देणं थांबवलं असेल तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नका.