भुईआवळीची परीक्षा

पावसाळ्यांत शेताच्या बांधावर अगर अंगणाच्या कडेस वीतभर उंचीचें एक रोपटें उगवतें. पानें आवळ्याच्या पानांसारखीं बारीक; डहाळी उलटून पाहिली तर खालच्या अंगास मोहरीहून थोडीं मोठीं हिरवीं फळें ओळीनें लागलेलीं दिसतात. हीच भुईआवळी. घरांत कोणास कावीळ झाली कीं वडील माणसें ही वनस्पति वाटून ताकांतून अगर दुधांतून देतात, आणि रोगी बहुधा बराही होतो. परंतु तो भुईआवळीनेंच बरा झाला, हें कशावरून?

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. दूषित पाण्यानें होणारी कावीळ बहुतेकांस कांहीं आठवड्यांत आपोआपच सोडून जाते; मग जें औषध दिलें असेल त्याच्या पदरीं यश पडतें. हिपॅटायटिस बी नांवाची दुसरी कावीळ मात्र इतकी सोयीची नाहीं. तिचे विषाणू रक्तावाटें, किंवा जन्माच्या वेळीं मातेकडून बालकास लागतात. अशा दहा बालकांपैकीं सुमारें नऊ जणांच्या यकृतांत ते ठाण मांडून बसतात, आणि पुढें कित्येकांस यकृताचा कर्करोगही होतो. हा विषाणु ओळखण्याची रक्तांतील खूण अमेरिकेचे बरूक ब्लुंबर्ग ह्यांस सांपडली. त्यांस १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्याच ब्लुंबर्ग ह्यांनीं सहकाऱ्यांसह भुईआवळीच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क तपासून १९८७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणूस आपली संख्या वाढविण्यास जें द्रव्य लागतें, त्याचें कार्य अर्कानें परीक्षानळींत मंदावलें. वूडचक नांवाच्या अमेरिकन प्राण्यांतही आशा वाटावी असे परिणाम दिसले.

परंतु परीक्षानळी म्हणजे मनुष्य नव्हे. १९८८ सालीं मद्रासच्या त्यागराजन प्रभृतींनीं रोगवाहक माणसांस वाळलेल्या वनस्पतीची भुकटी दररोज तीन वेळां, दर वेळीं २०० मिलिग्रॅम, अशी ३० दिवस दिली. ३७ पैकीं २२ जणांच्या रक्तांतील खूण नाहींशी झाली! आमच्या मतें ह्या प्रयोगाचें खरें मोल दुसऱ्या २३ जणांत आहे. त्यांस औषधाचा गुण नसलेली भुकटी दिली होती, व त्यांपैकीं एकाचीच खूण गेली. हे तेवीस नसते तर बावीस ह्या आंकड्यास कांहींच अर्थ उरला नसता.

तरीही निकाल लागला नाहीं. १९९० सालीं थायलंडांतील प्रयोगांत असा गुण दिसला नाहीं. ह्या जातीच्या वनस्पती दिसावयास इतक्या सारख्या कीं एकीच्या नांवावर दुसरी सहज खपते. शिवाय जमीन व ऋतु ह्यांप्रमाणें वनस्पतींतील द्रव्यांचें प्रमाण पालटतें. पुढें २०११ सालीं ह्या जातीच्या औषधांचे १६ प्रयोग एकत्र करून तपासण्यांत आले, तेव्हां गुणाचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाहीं.

हिपॅटायटिस बीचा विषाणु दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आज मिळतात. तो लागूंच नये म्हणून लसही आहे. तिची पहिली मात्रा बालकास जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत टोंचतात.